दुकानातली मावशी

माझी मावशी ज्या दुकानात बूट साफ करायची, तिथे सगळेच तिला मावशी म्हणायचे. मालक म्हणायचा, कॅशवरची म्हणायची, काल मिसरूड फुटलेली गिऱ्हाइकं म्हणायची. पुसायला, विसळायला, धुवायला जी बाई ठेवलेली असते तिला नाव विचारायची कोणाला गरज वाटत नाही. मावशी म्हटलं की भागतं. त्या सगळ्या गर्दीत तिची खरी भाची एकटी मी. मी तिला भर दुकानात मावशी म्हटलं, तू म्हटलं, तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. याचा मला फार आनंद होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणी उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा लग्नानंतर सहा वर्षांनी गेला, मूलबाळ नाही, आणि दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना ती म्हणायची, "एकाचे कपडे धुऊन हात भरून आलेत." एकोणीस वर्षं ती एका मोठ्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर होती. शाई, रक्त, गंज, लिपस्टिक, तेल. कपडा खिडकीच्या उजेडात धरायची, नखाने जरा खरवडायची, वास घ्यायची आणि सांगायची, हा चहा नाही, खोकल्याचं औषध आहे, पाण्याने जाणार नाही. कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे काढली. दीड खोली, एक खिडकी, आणि सकाळी साडेपाचला तिचा आवाज. "ऊठ गं म्हशी. सूर्य तुझ्यासाठी थांबलाय का?" तिच्या तोंडाला लगाम नव्हता. पण माझ्याकडे कॅनव्हासच्या बुटांचा एकच जोड होता, आणि तो ती दर दोन दिवसांनी असा काही धुऊन काढायची की वर्गातल्या मुलींना वाटायचं, हिच्याकडे दोन आहेत. एकीने विचारलंही होतं. मी हो म्हणाले होते.

पुढे मी या स्नीकरच्या दुकानात लागले. आमचं दुकान म्हणजे बूट, ढगळ टीशर्ट आणि टोप्यांचं. भिंतींना प्लास्टर नाही, छताला उघडे पाइप, आणि प्रत्येक बुटाला स्वतंत्र फळी, स्वतंत्र दिवा. नवा जोड येणार असला की पोरं सकाळपासून रांग लावतात, विकत घेतात आणि घालत नाहीत. डब्यात ठेवून डब्याचा फोटो काढतात. मला सुरुवातीला हसू यायचं. मग पगार व्हायला लागला तसं हसू बंद झालं आणि मी पण "हा रंग परत नाही यायचा बरं का" असं नाकाने कांदे सोलत सांगायला लागले.

मावशीची लाँड्री बंद पडली त्याच सुमाराला आमच्या मालकाने गिऱ्हाइकांचे बूट साफ करून द्यायची सोय काढली. मालक माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळे त्याला सर म्हणायचे. मी सरांना म्हणाले, "आमच्या गल्लीत एक बाई आहेत. हात चांगला आहे." आणि मावशीच्या घरी जाऊन तिला म्हणाले, "तिथे आपलं नातं नको सांगूस हं. उगाच लोक म्हणतील, आपली माणसं भरतेय."

ती माझ्याकडे बघून हसली. "लोक म्हणतील ते राहू दे. तुझ्या नाकाला धक्का लागत असेल तर नाही सांगत."

पहिल्या दिवशी तिने भिंतींकडे पाहून मला हळूच विचारलं, "गवंडी पळून गेला का?" मुद्दाम तसं ठेवलंय म्हटल्यावर म्हणाली, "मुद्दाम? मग माझी खोली चालेल की यांना."

तिला जागा मिळाली ती मागे, गोदाम आणि संडास यांच्या मधल्या पट्टीत. एक सिंक, एक स्टूल, एक लोखंडी रॅक. कामाची पद्धत साधी होती. धुवायचा जोड आला की मी त्याला लाल रबरबँड लावायचा आणि रॅकवर ठेवायचा. रबरबँड असला की मावशीने उचलायचा, नसला की हात लावायचा नाही. ती आधी लेस काढून भिजत टाकायची, मग मऊ ब्रशने कापड, कडक ब्रशने सोल, जाळीला टूथब्रश. आत कोऱ्या कागदाचे बोळे भरायची. वर्तमानपत्र कधीच नाही, शाई उतरते म्हणून. आणि सावलीत ठेवायची. लोक बूट न्यायला यायचे आणि म्हणायचे, हा माझा नव्हे, माझा जुना होता.

अशा एका गिऱ्हाइकाने टोपीवाल्याला सांगितलं. टोपीवाला म्हणजे आमच्या धंद्यातला देवमाणूस. भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालायचा, आणि कपड्यांवर, बुटांवर ब्लॉग लिहायचा. त्याने सकाळी एखाद्या बुटाचं कौतुक लिहिलं की दुपारी तो आमच्याकडे संपलेला असायचा. एखाद्याला नाव ठेवलं की तोच जोड आम्ही वर्षभर झटकत बसायचो. तो एकदा मागे जाऊन मावशीसमोर तासभर बसला आणि मग त्याने लिहिलं की या शहरातला खरा कलाकार एका सिंकसमोर बसलेला आहे. सोबत फोटो टाकला, नुसत्या हातांचा. ओले हात, ब्रश, फेस. मथळा होता "मावशी".

मावशीने फोटो बघून एवढंच विचारलं, "माझं तोंड वाईट आहे का गं?"

पण त्या लेखानंतर बुटांना ऊत आला. रॅक पुरेना. सर एकदम मावशी मावशी करत मागे यायला लागले आणि त्यांनी जाहीर केलं की पुढे, दरवाज्यापाशी, काचेचा काउंटर करायचा. मावशी तिथे बसणार, लोक बघणार. बसायला पाठीची खुर्ची. आणि तोवर रोजावर असलेली मावशी पहिल्या तारखेपासून कायम.

मावशीने एकच अट घातली. पाटीवर तिचं नाव हवं. मावशी नको.

"लाँड्रीत एकोणीस वर्षं माझ्या टेबलाला नंबर होता," ती मला म्हणाली. "सात. सातला दे, सातला विचार. आता एकदा नाव बघू दे." तिने वहीचा कागद फाडून त्यावर आपलं नाव लिहून दिलं, पाटी रंगवणाऱ्याने चुकू नये म्हणून, आडनावासकट. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला न विचारता ते वापरायचा हक्क मला राहिलेला नाही.

सर म्हणाले, "नाव कोण वाचणार? मावशी हा ब्रँड झालाय." मी तिला सांगितलं, "बघतो म्हणालेत." मग ती स्वतः गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते, पण सरांनी मान्य केलं होतं. वर मोठ्या अक्षरात मावशी, खाली बारीक अक्षरात नाव. "बारीक तर बारीक," ती म्हणाली. "चष्मा असलेल्यांना तरी दिसेल."

रविवारी काउंटर सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी टोपीवाल्याचा स्वतःचा बूट आमच्याकडे पहिल्यांदा दाखवायचा होता. एका कंपनीने त्याच्याबरोबर काढलेला. सगळं गुपित होतं, सरांखेरीज कोणी पाहिला नव्हता.

शनिवारी दुकानात ही गर्दी. काउंटरची काच येत होती, दिवे लावणारे शिडीवर, आणि मी एकटी फोनवर, गिऱ्हाइकांवर आणि शिडीखालून जाणाऱ्यांवर ओरडत होते. तेवढ्यात टोपीवाल्याचा माणूस एक कापडी पिशवी देऊन गेला. "सरांना द्या," म्हणाला. मी पिशवी उघडून बघितली. आत एक जोड, डबा नाही, आणि नुसता बरबटलेला. टोकावर तपकिरी ओघळ, टाचेवर काळपट, लेस चिखलात बुडवल्यासारखी. मला वाटलं, उद्याच्या कार्यक्रमाला घालायचे टोपीवाल्याचे रोजचे बूट असतील, साफ करून हवे असतील. कोणालाही तेच वाटलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. लाल रबरबँड लावला आणि रॅकवर ठेवला.

पंधरा मिनिटांनी मावशी एक बूट हातात घेऊन पुढे आली. "हे कोणाचे? याचं काहीतरी वेगळंच आहे. मळ खाचेत जास्त असतो, इथे खाच कोरी आणि वरचा भाग काळा. वास पण मातीचा नाही, रंगाचा आहे. कोणीतरी लावलाय हा. सरांना विचार आधी."

तिला कळलं होतं. बूट हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. तिने मला विचारायला सांगितलं होतं, आणि सर तिथून वीस पावलांवर उभे होते.

मी म्हणाले, "मावशी, माझ्या डोक्याचा भुगा झालाय. रबरबँड लावलाय ना? मग धू ना."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्या बुटांवर ती चार तास बसली. स्पिरिट लावून, कापूस पिळून, एकेक इंच. निघू नये म्हणून बनवलेला रंग तिने काढला. संध्याकाळी ते बूट पांढरेशुभ्र होऊन माझ्यापुढे आले, मी ते न बघताच पिशवीत भरले आणि पिशवी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनीही उघडली नाही. आदल्या दिवशी त्यांनी बूट पाहिलेला होता.

रविवारी अकराला दुकान खचाखच भरलं. टोपीवाल्याचा फोन स्टँडवर, तिकडे हजारो लोक बघतायत. मावशी नव्या काउंटरमागे, इस्त्रीच्या कपड्यांवर रबरी एप्रन बांधून, नव्या खुर्चीवर, पाठ न टेकता. पाटीवर कापड होतं. टोपीवाल्याने भाषण केलं की आजकाल सगळं फार चकचकीत झालंय, माणसाच्या अंगावर जगल्याची खूण हवी. आणि पिशवीत हात घालून त्याने दोन पांढरे बूट बाहेर काढले.

तो बुटांकडे बघत राहिला.

मावशीला वाटलं, काम आवडलं. ती काउंटरमागून म्हणाली, "चार तास लागले. पण निघालं सगळं."

"काय निघालं?" टोपीवाल्याने विचारलं.

"मळ. म्हणजे मळ कसला, रंगच होता. पण काढला."

"मावशी," तो म्हणाला, आणि आता त्याला फोनची आठवण झाली होती, आवाज बदलला होता, "तो मळ आम्ही सहा महिने बसून डिझाइन केला होता. हाताने केलेला एकच जोड होता तो."

दुकान फुटलं हसून. मावशीने हसणाऱ्यांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. तिला अर्थ लागायला थोडा वेळ लागला, आणि लागला तेव्हा ती म्हणाली, "सहा महिने कशाला घालवले? आठवडाभर घालून फिरला असता तर आपोआप झालं असतं."

यावर लोक आणखी हसले, पण या वेळी टोपीवाल्याला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सर पुढे आले, मावशीच्या दंडाला धरून तिला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि मला मानेने खूण केली.

सिंकपाशी आम्ही तिघं. सर हळू बोलत होते, ते जास्त वाईट होतं. "कोणी दिला हा जोड तुम्हाला?"

"रॅकवर होता," मावशी म्हणाली.

"रॅकवर कोणी ठेवला?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, राग नव्हता. ती नुसती थांबली होती, माझी पाळी आहे म्हणून. तिला खात्री होती की मी बोलणार. तेवढ्या वेळात मला "मी" एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. दुकानाचा कारभार पुढच्या महिन्यात माझ्याकडे यायचा होता, सर तसं बोललेही होते, आणि मी रॅकच्या गंजलेल्या पायाकडे बघत मूग गिळून उभी राहिले.

"मीच उचलला असेल चुकून," मावशी म्हणाली. "वय झालं." तिला त्रेपन्न वर्षं झाली होती.

सर माझ्याकडे वळले. "तूच आणलीस ना हिला? कोण लागते ही तुझी?"

"कोणी नाही, सर. आमच्या गल्लीत राहतात."

हे मात्र माझ्या तोंडून चटकन निघालं.

मावशीने अंगावरचा रबरी एप्रन काढला, पुसला, घडी केली आणि स्टुलावर ठेवला. मागच्या दाराने गेली. मी पुढे जाऊन लोकांना थंड पेयं वाटली.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे झाला. टोपीवाल्याने तो अर्धाच टाकला होता. स्वतःवरचा विनोद कापला आणि तिच्यावरचा ठेवला. "निघालं सगळं" म्हणणारी एक साधीभोळी बाई, आणि हसणारं दुकान. आठवड्याभरात ते वाक्य टीशर्टवर आलं. कंपनीने झटपट नवा बूट काढला, अर्धा मळका, अर्धा पांढरा, लेसखालच्या पट्टीवर छापलेलं "मावशी". अकरा मिनिटांत संपला. मीच विकत होते. एका पोरीने मला विचारलं, ही मावशी खरी आहे का हो? मी म्हणाले, आहे ना. आणि बिल केलं.

आईला मावशीने फोनवर सांगितलं होतं की पाण्यात हात घालून घालून कंटाळा आला, म्हणून सोडलं. माझं नावही घेतलं नाही. आईने मलाच दम दिला, "तुझ्याबरोबर होती ना? लक्ष द्यायला काय होतं?" मावशीने मला शिव्या घातल्या असत्या, आईपाशी माझी सालटी काढली असती, तर मी रडून मोकळी झाले असते. तिने तेवढंही दिलं नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुकानाचा कारभार माझ्याकडे आला होता. "मावशीला परत आण," ते म्हणाले. "लोक विचारतायत. काउंटर देऊ, कायम करू, पाटीवर नाव मोठ्या अक्षरात टाकू. तू तिच्या गल्लीतली आहेस, तुझं ऐकेल."

म्हणजे तिला जे हवं होतं ते सगळं माझ्या हातात होतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. जिना चढताना मनातल्या मनात तिच्या शिव्यांची तयारी करत होते. ती म्हैस म्हणेल, निर्लज्ज म्हणेल, दारातून ढकलेल, मग मी गळ्यात पडेन, मग ती म्हणेल, जेवलीस का. खरं सांगते, मी त्या शिव्यांच्या आशेवर चढत होते.

दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी कोणाचा तरी कोट उजेडात धरून बसली होती. आता आसपासच्या इस्त्रीवाल्यांकडचे डागाचे कपडे तिच्याकडे येत होते. मला बघून उठली.

"या," म्हणाली. "बसा."

एकुलत्या एका खुर्चीवरचे कपडे तिने उचलले, खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. पाणी आणलं, ग्लासाखाली बशी ठेवून. तीन वर्षं मी त्या घरात राहिले, पाणी मागितलं की ती म्हणायची, हात मोडलेत का तुझे.

मी घाईघाईने सगळं सांगितलं, काउंटर, कायम, मोठी अक्षरं. ती नीट ऐकत होती.

"सरांना माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली. "पण मला नाही जमायचं. त्यांना मावशीच हवी ना? मग बसवा कोणालाही. नवीन बाईलाही सगळे मावशीच म्हणतील."

"मावशी, मी बोलायला हवं होतं त्या दिवशी. रबरबँड मी लावला होता."

"हो, माहितीये की." ती कोटाच्या बाहीवर स्पिरिटचा बोळा फिरवत होती. "झालं ते. तुम्ही पाणी घ्या."

"तू मला अहोजाहो नको करूस गं. मला नाही सहन होत."

तिचा हात थांबला. ती कुचकटपणे बोलली असती तरी चाललं असतं, पण तिने खरंच विचारलं. "मग काय म्हणू?"

इतकी वर्षं मी जे लपवलं होतं ते आता तिच्याकडे मागत होते, आणि मागायलाही तोंड नव्हतं. मी रडायला लागले. ती उठली नाही, जवळ आली नाही. माझं रडणं आवरेपर्यंत बाहीवरचा डाग काढत राहिली.

शेजारी नव्याने राहायला आलेली बाई कडेवर मूल घेऊन दारात आली. मुलाने शर्टावर काहीतरी सांडलं होतं. माझ्याकडे बघून थबकली. "पाहुणे आलेत वाटतं. कोण?"

मावशीने तिच्याकडचा शर्ट घेतला, खिडकीकडे नेऊन उजेडात धरला.

"दुकानातल्या मॅडम आहेत," ती म्हणाली. "निघाल्याच आहेत त्या."

मला वाट द्यायला शेजारीण दारातून बाजूला सरकली.